आलंच आता

"ताई, तुम्हाला माहीत होतं ना?"

पसरणी घाटातल्या एका वळणावर दुपारी दोनच्या सुमाराला एका मुलीने मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. ती घाटाच्या कठड्यावर बसली होती. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलेलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले, कानशिलांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. वर्गात न समजलेलं काही विचारावं तसं तिने ते सरळ विचारलं होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने मान हलवून नको म्हटलं. मग आम्ही दोघी कठड्यापलीकडे बघत राहिलो. खाली धोमचं पाणी दिसत होतं, दुपारच्या उन्हात जस्ताच्या पत्र्यासारखं.

झालं होतं ते एवढंच. त्याच्या पाचेक मिनिटं आधी ती माझ्या शेजारून चढत असताना तिने विचारलं होतं, "ताई, किती राहिलं?" आणि मी म्हटलं होतं, "आलंच आता. ते समोरचं वळण दिसतंय ना, तेवढंच." हे ऐकल्यावर ती सीटवरून उठली. पेडलवर उभी राहून, सगळं अंग हँडलवर टाकून तिने त्या वळणापर्यंत सायकल नेली. मागून मला तिच्या पोटऱ्या थरथरताना दिसत होत्या. वळणापलीकडे रस्ता होता तसाच वर जात होता. त्याच्या वर आणखी एक रस्ता, त्याच्याही वर एक, आणि तिन्ही मजल्यांवर गाड्यांची रांग, काचा चमकवत उभी. पाचगणी अजून चार किलोमीटर होती. आमच्या त्या वेळच्या वेगाने चार किलोमीटर म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त. या घाटात मी याआधी सात वेळा चढले आहे. मला माहीत होतं.

दहा-पंधरा मिनिटांनी गर्दीतून वाट काढत आमचा सामानाचा टेम्पो आला. तिने स्वतःच पुढचं चाक काढलं, सायकल वर चढवली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. उरलेले चार किलोमीटर मी एकटीने चढले. आजवरच्या सगळ्या चढांमध्ये तेवढे जड किलोमीटर मला आठवत नाहीत.

त्या वर्षी २६ जानेवारी शुक्रवारी आली होती, त्यामुळे तीन दिवस सलग मिळाले. आम्ही अकरा जण होतो. पुण्याहून कात्रज, खंबाटकी, वाई, पसरणी करत भिलारला पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि पुढे महाड. तिसऱ्या दिवशी वरंधा घाट चढून भोरमार्गे घरी. सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या थोडं वर. सपाटीवर हे अंतर फार नाही, बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणारे एका दमात काढतात. पण या वाटेवर सपाटी अशी नाहीच. सह्याद्री एकदा उतरायचा आणि परत चढायचा, हाच या राईडचा अर्थ. ती मुलगी आमच्यात सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांची, ग्रुपमध्ये येऊन चार महिने झालेले. दिवे घाट तिने दोनदा केला होता, सिंहगड पायथ्यापर्यंतच. सायकल हायब्रीड, थोडी जड. पण तिची तयारी मी पाहिली होती, आणि "तू ये, तुला जमेल" असं तिला सांगणारी मीच होते.

सकाळ किती सुंदर गेली होती. साडेपाचला कात्रजचा जुना घाट. अकरा सायकलींचे लाल दिवे एकामागे एक लुकलुकताहेत, श्वासाची वाफ हेडलाइटच्या उजेडात दिसते आहे, कुणीच काही बोलत नाही. बोगद्यात शिरलं की चेनचा आवाज एकदम मोठा होतो. पलीकडे उताराला लागल्यावर थंडी बोटांत अशी शिरते की ब्रेक धरलाय की नाही हेही कळत नाही. शिरवळला पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टांतली मुलं हातात कागदी झेंडे घेऊन शाळेकडे निघाली होती. आम्हाला बघून त्यातल्या दोघातिघांनी "भारत माता की" अशी आरोळी दिली आणि आमच्यातल्या सगळ्यांनी, थकव्याचा मागमूस नसताना, "जय" म्हटलं. ती मुलगी तेव्हा सगळ्यांच्या पुढे होती. खंबाटकीही तिने न थांबता काढला. वाईला जेवताना ती हसत होती, डाळीत भाकरी चुरून खात होती. म्हणून मला आणखी लागतं. तिचा तो दिवस चांगला चालला होता.

पसरणी घाट एरवी प्रेमाने वागवणारा आहे. चढ फार उभा नाही, दहा-एक किलोमीटरमध्ये सहाशे मीटर वर नेतो, आणि प्रत्येक वळणावर कृष्णेचं खोरं आणखी थोडं उघडून दाखवतो. खाली पसरणी गाव, शाहीर साबळ्यांचं. शेतांचे चौकोन, वाईची कौलं, पांडवगड. पण जोडून सुट्टी आली की हा घाट गाड्यांनी भरतो. आम्ही चढत होतो तेव्हा बुवासाहेबांच्या देवळाच्या पुढे रांगच लागली होती. जळालेल्या क्लचचा तो आंबूस वास, गरम डांबर, एसी चालू ठेवून उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॉनेटमधून पायांवर येणाऱ्या झळा. गाडी आणि कठडा यांच्यामध्ये हातभर जागा. त्या हातभर जागेतून ताशी सात किलोमीटरने सायकल सरळ ठेवायची म्हणजे पायांइतकीच मनालाही ताण असतो. एका गाडीतून लहान मुलाने खिडकी खाली करून आम्हाला टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गाडीतून कुणीतरी म्हणालं, "कशाला हा उपद्व्याप!" त्याच्यानंतर थोड्याच वेळात तिने मला विचारलं, किती राहिलं.

आणि मी म्हटलं, आलंच आता.

त्या रात्री भिलारला मला झोप लागेना. पुस्तकांच्या गावात ज्या घरी आमची सोय होती तिथे ओसरीवर कपाट होतं, आणि जेवण झाल्यावर ती त्या कपाटासमोर सतरंजीवर पाय पसरून पुस्तक वाचत बसली होती. मी दोनदा जवळून गेले. एकदा विचारलं, "पाय कसे आहेत?" ती म्हणाली, "ठीक आहेत ताई," आणि पान उलटलं. बाहेर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं. मी अंथरुणात पडून विचार करत राहिले, की मी असं का म्हटलं असेन. तिला फसवायचं नव्हतं. तिला धीर द्यायचा होता. पण तेही पूर्ण खरं नाही. मला तिची ती नजर नको होती. शेजारी कुणी दमतंय आणि आपण काही करू शकत नाही, हे सहन करणं अवघड असतं. आपले पाय काढून कुणाला देता येत नाहीत. मग आपण शब्द देतो, जे हाताशी असतील ते.

आणि हे शब्द हाताशी होते, कारण मी ते ऐकत वाढले आहे. माझं आजोळ महाडजवळ, बिरवाडीला. दर मे महिन्यात आई मला आणि भावाला घेऊन जायची आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एसटीने परत यायचो, वरंधा घाटातून. गाडी माझेरी सोडून वळणं घ्यायला लागली की मळमळून माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. लाल गाडीचा तो रेक्झिनचा आणि डिझेलचा वास, खिडकीच्या गजांना आलेला गंज, मागच्या सीटवर कुणाच्या तरी पाटीतले फणस. आईच्या पर्समध्ये अर्धं लिंबू असायचं, रुमालात बांधलेलं. ती ते माझ्या नाकाशी धरायची, दुसऱ्या हाताने कपाळ दाबून धरायची आणि म्हणायची, "आलंच बघ भोर. हे शेवटचं वळण." ते शेवटचं कधीच नसायचं. वाघजाईनंतरही रस्ता तसाच नदीच्या काठाकाठाने वळत राहायचा. मी सात-आठ वर्षांची होते, मला मोजता येत होतं. मी मनातल्या मनात शेवटची वळणं मोजायचे, एक शेवटचं, दोन शेवटचं, तीन शेवटचं. तरी दर वेळी विश्वास ठेवायचे. तिच्या मांडीवर डोकं ठेवायचे. पातळाला पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास असायचा, हाताला लिंबाचा. आणि कधीतरी झोप लागायची. जाग यायची ती भोरच्या स्टँडवर, कंडक्टरने दार आपटल्यावर.

आईच्या त्या खोट्याबद्दल मला आजही तक्रार नाही. त्याच्याइतकं मऊ मला दुसरं काही मिळालेलं नाही. मग तेच शब्द मी दिल्यावर त्या मुलीचे पाय का मोडले?

दुसऱ्या दिवशी उतार होता. महाबळेश्वरच्या बाजारातून बाहेर पडलं की आंबेनळी घाट सुरू होतो आणि पोलादपूरपर्यंत चाळीसेक किलोमीटर तुम्ही खाली खाली जात राहता, साडेतेराशे मीटर उंचीवरून जवळजवळ समुद्राच्या पातळीला. लोकांना वाटतं उतार म्हणजे आराम. उतारात पाय मोकळे असतात, पण हात, खांदे, मान आणि डोळे सतत कामाला लागलेले असतात. ब्रेक दाबून दाबून अंगठ्याखालचा तळहात दुखायला लागतो. थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसतो. कान दडे बसल्यासारखे होतात, मग एकदम मोकळे होतात. वरची कोरडी थंडी वाडा कुंभरोशीपर्यंत टिकते. प्रतापगड डावीकडे मागे पडला की हवेत ओल यायला लागते, अंगावरचं जॅकेट नकोसं होतं, आणि कोकण वासानेच कळतं, पाचोळ्याचा, शेणाचा आणि कुठेतरी पेटवलेल्या राबाचा वास. डोंगरांच्या अंगावर तांबडे पट्टे अजून दिसतात. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हा घाट जागोजागी तुटला होता. त्या पट्ट्यांवर आता गवत आलंय, पण झाडं नाहीत. त्यांच्या खालून जाताना सगळेच गप्प होतात.

ती उताराला घाबरत होती. हे तिने मला नाही, काकांना सांगितलं. काका आमचे स्वीपर, म्हणजे सगळ्यात हळू जाणाऱ्याच्याही मागे राहणारे. वय सहासष्ट. ग्रुपमधल्या कुणाहीपेक्षा जास्त चालवू शकतात आणि वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मागे राहतात. आदल्या दिवशी पसरणीत ते मागे एकाचं पंक्चर काढत थांबले होते, नाहीतर त्या वळणावर तिच्या शेजारी मी नसते, ते असते. आंबेनळीत ते पहिल्यांदाच मागे न राहता तिच्या पुढे दहा हातांवर चालले. मी दोघांच्या मागे होते, त्यामुळे सगळं दिसत होतं. डावा हात खाली करून बोट दाखवलं की खड्डा. पंजा पालथा हलवला की वाळू. आणि मधूनमधून मान न वळवता ते मोठ्याने सांगत होते, "पुढचे तीनशे मीटर रस्ता उखडलेला आहे. मग पूल. पुलावर ब्रेक लावू नकोस." तीनशे मीटर म्हणजे तीनशेच. ती त्यांच्या चाकाच्या रेषेत चाक ठेवून उतरत होती, आणि हळूहळू तिचे खांदे कानांपासून खाली आले.

काकांच्या हँडलजवळ एक चिठ्ठी चिकटवलेली असते. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, पण मी ती कधी नीट वाचली नव्हती. पोलादपूरला उसाचा रस प्यायला थांबलो तेव्हा सायकल भिंतीला टेकवलेली होती म्हणून जवळून पाहिली. वहीच्या चौकटीच्या कागदाची पट्टी, वरून पारदर्शक चिकटपट्टी, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं. डावीकडे किलोमीटर, उजवीकडे दोन-तीन शब्द. "खडी." "सावली, थांबायला बरं." "इथे चढ संपला वाटतो, संपत नाही." मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. पसरणीची आदल्या दिवसाची पट्टी त्याच्याखाली अजून अर्धवट चिकटलेली होती, आणि तिच्यावर, बरोबर त्या वळणाच्या किलोमीटरवर, हेच वाक्य लिहिलेलं होतं.

संध्याकाळी महाडला लॉजवर पोचलो. मालकांनी सायकली आत घ्यायला सांगितलं आणि जिन्याशेजारच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "पाणी इथवर होतं." २०२१ च्या पुराबद्दल ते बोलत होते. हात त्यांच्या डोक्याच्या वर होता. भिंतीला नवा रंग दिलेला, खूण काही नव्हती, पण त्यांचा हात न चाचपडता बरोबर त्या उंचीवर गेला. खूप पाणी होतं, भयंकर होतं, असलं काही ते म्हणाले नाहीत. आमच्यातले तिघेचौघे चवदार तळ्यावर गेले. मी खोलीत पाय वर करून पडले होते. दाराच्या फटीतून दिसलं, ती मुलगी काकांच्या शेजारी बाकावर बसून वरंधाची पट्टी उतरवून घेत होती. एकेक आकडा विचारत, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं बसतात तशी.

घरून फोन आला. डिसेंबरात आईचा गुडघा बदलला होता आणि या तीन दिवसांसाठी वहिनी आमच्याकडे राहायला आली होती. मी जाऊ की नको म्हणत होते, आईनेच "जा" म्हटलं होतं. वहिनी सांगत होती, की आज फिजिओथेरपीवाली मुलगी आली होती, आई व्यायाम करता करता तिच्यावर चिडल्या. "आजी, शेवटचे पाच," असं ती म्हणते आणि पाच झाले की परत "शेवटचे पाच" म्हणते. आई म्हणाल्या, तुला मोजता येत नाही का गं? वहिनी हसत होती. मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

वरंधा चढायला आम्ही अंधारातच निघालो. बिरवाडीला मामेभाऊ रस्त्यावर थर्मास आणि स्टीलचा डबा घेऊन उभा होता. डब्यात घावन आणि चहाबरोबर खायला गूळ. "आत्याने सांगितलंय, उपाशी सोडू नकोस," असं म्हणून तो सगळ्या अकरा जणांना वाढत होता. मामाचं घर रस्त्यावरून दिसतं. ओसरीवरचा दिवा चालू होता. तिथे थांबायला हवं होतं, पण घाट उन्हाच्या आत काढायचा होता. वरंध गाव मागे पडलं, माझेरी आली, आणि रस्त्याने मान वर केली.

हा घाट मी एसटीच्या खिडकीतून, आईच्या मांडीवरून पाहिला होता. सायकलवरून पहिल्यांदाच चढत होते. वळणं ओळखीची वाटत होती आणि नव्हतीही. गाडीतून घाट ढवळून काढतो, सायकलवर तो एकेक इंच तुमच्यासमोर ठेवतो. कातळातून झिरपणारं पाणी, त्याच्याखाली शेवाळाचा हिरवा ओघळ. करवंदीच्या जाळ्या. दरीत खोल कुठेतरी कोंबडा आरवला आणि आवाज इतका स्पष्ट वर आला की जणू शेजारच्या अंगणातला. दरीच्या तळाशी शिवथरची झाडी धुक्यात बुडालेली. रस्त्याचं काम चालू होतं, मध्येच डांबर संपून खडी यायची आणि मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. गिअर केव्हाच संपले होते. सगळ्यात हलका गिअर लावूनही पाय दगडाचे झाले की पुढे काही उरत नाही, फक्त श्वास मोजायचा. आठ वाजून गेले आणि ऊन कड्यावरून खाली उतरत आमच्यापर्यंत आलं. दोन रात्री नीट झोप नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले.

एका झाडाखाली ती उभी होती, पाणी पीत. एका हाताने सायकल धरलेली. मी तिच्याजवळ पोचले, पाय टेकला, हँडलवर कपाळ ठेवलं. विचारलं काहीच नाही. विचारायचा मला हक्क आहे असं वाटत नव्हतं.

"तीन पॉइंट दोन राहिलेत ताई," ती म्हणाली. बोट पट्टीवर होतं. "पुढचा एक फार उभा आहे. नंतर बरा आहे." मग थोडं थांबून, "खरं सांगतेय."

ते शेवटचे दोन शब्द लागले. लागायलाच हवे होते. पण त्याच क्षणी, त्या तीन पॉइंट दोनमुळे, माझ्या आत काहीतरी हिशेबाला बसलं. तीन पॉइंट दोन म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं. म्हणजे बाटलीतलं अर्धं पाणी आत्ता, अर्धं उभा चढ संपल्यावर. म्हणजे पहिल्या किलोमीटरला सीटवरून उठायचं नाही. उरलेली ताकद थोडी होती, पण आता तिचे तुकडे पाडता येत होते, घरात पाहुणे जास्त आले की आई पोळीचे पाडायची तसे. हा घाट माझ्यासाठी पहिल्यांदाच एवढा लांब, एवढा उभा, असा झाला. लहानपणी तो नुसता न संपणारा होता. तेव्हा मला काही करायचं नव्हतं, चाकं एसटीची फिरत होती, स्टेअरिंग ड्रायव्हरच्या हातात होतं, आणि आईच्या मांडीवर पडून विश्वास ठेवणं एवढंच माझं काम होतं. शेवटचं वळण खोटं निघालं तरी माझं काही संपत नव्हतं. त्या मुलीने पसरणीत माझ्या शब्दावर सगळं खर्चून टाकलं होतं.

आम्ही एकत्र चढलो. काका नेहमीसारखे मागे, त्यांच्या फ्रीव्हीलची टिकटिक अधूनमधून ऐकू येत होती. उभा किलोमीटर खरंच उभा होता. नंतरचा खरंच बरा होता.

वाघजाईच्या देवळाजवळ टपऱ्या लागल्या होत्या. माकडं कठड्यावर ओळीने बसून सगळ्यांच्या हातांकडे बघत होती. कढईतून कांदाभजी निघाली, वर्तमानपत्राच्या कागदावर, सोबत तळलेली मिरची आणि मीठ. आम्ही दोघी दरीकडे तोंड करून बसलो. भजी इतकी गरम होती की बोलताच येत नव्हतं, आणि मला ते सोयीचं वाटत होतं. पण शेवटी म्हटलं, "पसरणीत मी तुला चुकीचं सांगितलं. मला माहीत होतं किती राहिलंय ते."

तिने मिरचीचं देठ मोडून बाजूला ठेवलं. "मी त्या वळणापर्यंत सगळं संपवलं होतं ताई," ती म्हणाली. "थोडं ठेवलं असतं, तर वरपर्यंत गेले असते. चालत तरी गेले असते."

"हो," मी म्हटलं.

"टेम्पोत बसून पाचगणीत शिरले ना, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मला उतरावंसंच वाटेना."

हे मला माहीत नव्हतं. मी मागून एकटी आले होते. काय म्हणावं ते सुचलं नाही. माझ्या कागदावरचं शेवटचं भजं तिच्या कागदावर ठेवलं. तिने ते मोडलं आणि अर्धं परत माझ्याकडे सरकवलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. चहा आला.

पुढे भोरपर्यंतचा रस्ता नीरा देवघरच्या पाण्याकडेने जातो. माझ्या लहानपणी हे पाणी नव्हतं. तेव्हा खाली नदी होती, शेतं होती, आणि एसटीच्या खिडकीतून त्यातलं मला काहीच आठवत नाही, कारण माझे डोळे मिटलेले असायचे. पाणी निळं होतं, वाऱ्याने त्याच्यावर सुरकुत्या पडत होत्या. रस्ता सारखा खालीवर होत राहतो, पायांना विसावा देत नाही, पण मी प्रत्येक वळण उघड्या डोळ्यांनी पाहिलं. किती आहेत ते मोजलं नाही. ती पुढे गेली होती, हिरव्या जर्सीचा ठिपका कधी दिसायचा, कधी नाही. कापूरहोळला हायवेला लागलो आणि गाड्यांच्या गोंगाटात सगळं नेहमीसारखं झालं. शेवटचा कात्रज संध्याकाळी चढलो. बोगद्याच्या तोंडाशी कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, फोटो काढला. त्या फोटोत ती काकांच्या शेजारी उभी आहे आणि मी टोकाला.

घरी पोचले तेव्हा आई पलंगावर बसून होती, वॉकर शेजारी उभा. माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "वरंध्यातून आलीस? उलटी नाही ना झाली?" अठ्ठेचाळीस वर्षांच्या मुलीला. मी तिच्याशेजारी बसले. घाम, डांबर, धूळ, तशीच. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप आहे का बघायला ठेवतात तसा, आणि तो लगेच काढला नाही.

सोमवारी मी रजा टाकली होती. सकाळचा व्यायाम मी घेईन असं वहिनीला सांगितलं. पाय सरळ ठेवून टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, पाय वर उचलायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली ठेवायचा. असं वीस वेळा. गुडघ्यावरची खूण अजून लालसर आहे, मधोमध, शिवण उसवून परत घातल्यासारखी. दहाव्यानंतर तिच्या ओठांवर घाम आला. बाराव्याला पाय हवेत थरथरायला लागला, खाली आला, आणि तिने उशीवर डोकं टेकून डोळे मिटले.

"किती राहिलं गं?"

आलंच, हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

"आठ," मी म्हटलं. "बारा झाले, आठ राहिलेत."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग हाताने चादर घट्ट धरली.

"मग जरा थांब," ती म्हणाली. "दम खाऊ दे. आणि पाणी दे."